साखर हे कारण की कार्य? मधुमेह आणि विषाणूंचे आजार



माझ्या नावामागे डॉक्टर लागतं, पण आजच्या विषयाला जो डॉक्टर हवा तो मी नव्हे. माझी पीएच.डी. तत्त्वज्ञानातली आहे, आणि तिने आजवर कोणाचा ताप उतरलेला नाही. (हशा) चौतीस वर्षं मी महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवलं. मग या विषयावर मी का उभा राहिलो? दोन कारणं आहेत. पहिलं असं की मला स्वतःला तेवीस वर्षांपासून मधुमेह आहे, तेव्हा विषय घरचाच आहे. दुसरं कारण जरा अवघड आहे. ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं कशासाठी चाललंय ते तुम्हाला कळेल.

माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना दादा म्हणतो, साताऱ्याकडे गावी राहतात. २०२१ च्या एप्रिलमध्ये त्यांना करोना झाला. ताप होता, खोकला होता, पण ऑक्सिजन ९६-९७. घरीच राहिले. ओळखीतल्या एकाने सुचवलं म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या, रोज सकाळी एक. दादांनाही मधुमेह. मी पुण्याहून रोज सकाळी फोन करायचो, "दादा, उपाशीपोटीची किती आली?" ते सांगायचे, १३२, १३८, १४१. मी म्हणायचो, "छान आहे की." मे महिन्यात त्यांचा डावा गाल बधिर झाला, डोळा सुजला. इस्पितळात नेलं तेव्हा साखर ४३० होती. म्युकरमायकोसिस निघाला. जीव वाचला, डावा डोळा काढावा लागला.

इस्पितळात त्यांच्या उशाशी बसून मी एक वाक्य बोललो. म्हटलं, "दादा, साखर सांभाळली असतीस तर." ते काहीच बोलले नाहीत. वहिनी उठून बाहेर गेल्या.

हेच वाक्य गेली काही वर्षं आपल्याकडे घरोघरी बोललं गेलं. आज मला ते वाक्य टेबलावर ठेवून तपासायचं आहे. ते खरं आहे का, कितपत खरं आहे, आणि ते बोलण्याचा मला अधिकार होता का.

वाक्यात दावा काय आहे बघा. साखर नीट नसते, म्हणून विषाणूचा आजार गंभीर होतो. म्हणजे साखर हे कारण आणि गंभीर आजार हे कार्य. मग पुरावा काय?

पुरावा आहे, आणि भरपूर आहे. करोनाच्या आधीपासून आहे. २००९ साली स्वाइन फ्लू आला, भारतातला त्याचा पहिला मृत्यू आपल्या पुण्यात झाला, ते दिवस तुमच्यापैकी अनेकांना आठवत असतील. त्या साथीत कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात अभ्यास झाला. मधुमेह असलेल्या माणसाला इस्पितळात दाखल व्हावं लागण्याची शक्यता तिप्पट, आणि दाखल झाल्यावर अतिदक्षता विभागात जावं लागण्याची शक्यता चौपट, असं त्यात दिसलं.

पुढे २०२० मध्ये चीनच्या हुबेई प्रांतातून मोठा अभ्यास आला. करोनाच्या ७,३३७ रुग्णांची माहिती त्यांनी पाहिली. त्यातल्या ९५२ जणांना टाइप २ मधुमेह आधीपासून होता. मधुमेह नसलेल्यांत मृत्यूचं प्रमाण २.७ टक्के, असलेल्यांत ७.८ टक्के. पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची. इस्पितळात असताना ज्या मधुमेहींची साखर साधारण ७० ते १८० च्या दरम्यान राहिली, त्यांच्यात मृत्यू १.१ टक्के. ज्यांची १८० च्या वर जात राहिली, त्यांच्यात ११ टक्के. दहापट! हे आकडे वर्तमानपत्रांत आले आणि सगळ्यांनी एकच अर्थ काढला, की साखर सांभाळा, जगाल.

मी वर्गात असतो तर इथे फळ्याकडे वळलो असतो. आकडे खरे आहेत, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण त्यांच्यावरून निष्कर्ष काढायची घाई नको.

आपल्या न्यायशास्त्रातलं जुनं उदाहरण घ्या. डोंगरावर धूर दिसला, म्हणून तिथे अग्नी आहे. हे अनुमान बरोबर. आता उलट करून बघा. अग्नी आहे, म्हणून तिथे धूर असलाच पाहिजे. हे बरोबर आहे का? नाही. लोहाराच्या भट्टीत लाल झालेला लोखंडाचा गोळा आठवा, अग्नी आहे आणि धूर नाही. धूर येतो तो लाकूड ओलं असतं म्हणून. अग्नी आणि धूर यांच्यामध्ये लपून बसलेली ही जी ओल्या लाकडाची अट आहे, तिला नैयायिक 'उपाधी' म्हणतात. दोन गोष्टी बरोबर दिसल्या की पहिला प्रश्न हा विचारायचा, मध्ये कुठे ओलं लाकूड तर नाही?

तेव्हा जास्त साखर आणि गंभीर आजार एकत्र दिसले, तर तीन शक्यता उरतात.

पहिली, साखर खरोखरच कारण आहे. दुसरी, मध्ये उपाधी आहे. म्हणजे वय, लठ्ठपणा, मूत्रपिंडाचा आजार, हृदयविकार, गरिबी यांतलं काहीतरी साखरही वाढवतं आणि आजारही वाढवतं. तिसरी शक्यता सगळ्यात चकवणारी. नातं उलट्या बाजूचं आहे. आजार गंभीर झाला, म्हणून साखर वाढली.

तिसरी शक्यता मी हवेत बांधत नाहीये. ज्याला मधुमेह आहे आणि कधी सणकून ताप आला आहे, त्याला हा अनुभव असतो. दोन दिवस पेजेशिवाय पोटात काही नाही, आणि साखर मात्र २५०. असं का? तर आजारपणात शरीर कॉर्टिसोल, ॲड्रेनलीन, ग्लुकागॉन ही संप्रेरकं सोडतं. ती यकृताला सांगतात, लढाई सुरू आहे, साठवलेली साखर बाहेर काढ. शिवाय संसर्गात तयार होणारी काही रसायनं स्नायूंना इन्सुलिनचं ऐकू देत नाहीत. उंदरांवरचा एक अभ्यास २०१८ मध्ये आला. विषाणूचा संसर्ग झाला की प्रतिकारसंस्थेतलं इंटरफेरॉन गॅमा नावाचं द्रव्य स्नायूंत इन्सुलिनचा प्रभाव कमी करतं, मग शरीर जास्त इन्सुलिन सोडतं, आणि ते इन्सुलिन विषाणूशी लढणाऱ्या पेशींच्या कामी येतं, असं त्यात दिसलं. ज्याचं इन्सुलिनचं कोठार भरलेलं आहे त्याला हे परवडतं. मधुमेहींचं कोठार आधीच रिकामं होत आलेलं, त्यांना नाही परवडत.

आता हुबेईचा आकडा पुन्हा बघा. साखर मोजली ती इस्पितळात, आजार चालू असताना. ज्यांचा आजार मुळातच भयंकर होता त्यांचीच साखर वर गेली असेल, तर त्या ११ टक्क्यांत साखरेचा हात किती आणि आजाराचा किती? वय आणि इतर आजारांचा हिशेब धरूनही फरक उरतो, हे संशोधकांनी दाखवलं. तरीही ही शंका पुरती मिटत नाही.

मग ती मिटणार कशी? आजार येण्याच्या आधीची साखर बघून. आणि तीही बघितली गेली आहे.

तुम्ही एचबीए१सी नावाची चाचणी करता. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, तेवढ्या काळात त्यांच्या हिमोग्लोबिनला जी साखर चिकटते ती ही चाचणी मोजते. म्हणजे ती मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. कालच्या पुरणपोळीला तिच्यात फारसा वाव नाही. (हशा) इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेकडे साऱ्या देशाची नोंद असते, सुमारे ६ कोटी १० लाख माणसांची. १ मार्च ते ११ मे २०२० या काळात तिथे करोनाने इस्पितळात २३,६९८ मृत्यू झाले, आणि त्यांतले जवळजवळ एक तृतीयांश मधुमेह असलेल्यांचे होते. वय, लिंग, वंश, गरिबी, प्रदेश यांचा हिशेब धरल्यावरही टाइप २ मध्ये धोका दुप्पट आणि टाइप १ मध्ये साडेतीन पट निघाला. आणि आजाराच्या आधी ज्यांचं एचबीए१सी १० किंवा त्याहून जास्त होतं, त्यांच्यात साडेसहा ते सातवाल्यांच्या तुलनेत मृत्यूचा धोका टाइप २ मध्ये १.६ पट आणि टाइप १ मध्ये २.२ पट होता.

इथे नातं उलटं असण्याची शंका गळून पडते, कारण साखर आधी मोजली आणि आजार नंतर आला. पण आणखी एक गोष्ट तुमच्या लक्षात आली का? हुबेईत दहापट होतं, इथे दीडपट-दोनपट उरलं. धोका खराच आहे, पण पहिल्या आकड्याने जो धडकी भरवणारा आकार दाखवला तेवढा नाही. बाकीचा काही भाग आजाराचाच असणार.

फ्रान्समध्ये तर गंमतच झाली. तिथल्या ५३ इस्पितळांत दाखल झालेल्या १,३१७ मधुमेही रुग्णांचा अभ्यास झाला. सात दिवसांच्या आत कृत्रिम श्वासाची नळी घालावी लागणं किंवा मृत्यू, याच्याशी एचबीए१सीचा संबंधच दिसला नाही. संबंध दिसला तो वजनाशी, आणि दाखल होतानाच्या साखरेशी. मग इंग्लंड खोटं की फ्रान्स? दोन्ही खरे असू शकतात. इंग्लंडने सगळ्या लोकसंख्येकडे पाहिलं. फ्रान्सने इस्पितळाच्या दारातून आत आलेल्यांतच तुलना केली. क्रिकेटच्या संघात निवड झालेल्या अकरा जणांत उंचीचा आणि खेळाचा संबंध शोधायला गेलात, तर तो सापडेलच असं नाही. निवडीच्या वेळी जी चाळण लागायची ती लागून गेलेली असते.

आता साखर जर कारण असेल, तर ती करते तरी काय? नैयायिकाला नुसतं साहचर्य पुरत नाही, तो विचारतो की धागा दाखवा. धागे तीन-चार आहेत.

एक. जंतू दिसला की धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात. रक्तात साखर फार वाढली की त्यांचं धावणं मंदावतं, जंतू गिळणंही मंदावतं. दोन. प्रतिकारसंस्थेचा एक भाग असा मंद होतो आणि दुसरा भाग भडकतो. मोनोसाइट नावाच्या पेशी जास्त साखरेत विषाणूला वाढायला अधिक वाव देतात आणि दाह निर्माण करणारी रसायनं जास्त सोडतात, हे प्रयोगशाळेत करोनाच्या विषाणूबाबतच दिसलं आहे. म्हणजे पहारेकरी झोपलेले आणि घरातली माणसं आपसांत भांडतायत, अशी स्थिती. तीन. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा होते, रक्त गोठण्याकडे कल वाढतो. चार. श्वसनमार्गातल्या ओलाव्यात एरवी साखर फार थोडी असते, रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट कमी. रक्तातली वाढली की तिथलीही वाढते, आणि विषाणूच्या मागून येणाऱ्या जिवाणूंना आयतं खाद्य मिळतं.

तेव्हा साखर कारण आहे की कार्य, या आपल्या प्रश्नाचं उत्तर असं निघतं की ती दोन्ही आहे. आजार साखर वाढवतो, वाढलेली साखर आजार वाढवते. बीज आणि अंकुर यांच्यासारखं हे चक्र आहे. 'आधी कोण' हा वाद घालत बसण्यापेक्षा चक्र कुठे तोडता येईल ते शोधणं शहाणपणाचं.

इथे एक धोक्याची पाटी लावतो. चक्र तोडायचं म्हणजे साखर जमेल तितकी खाली दाबायची, असा सोपा अर्थ निघतो. तोही तपासून झाला आहे. २००१ मध्ये बेल्जियममधल्या लूव्हेन इथे, शस्त्रक्रियेनंतर अतिदक्षता विभागात असलेल्या १,५४८ रुग्णांवर प्रयोग झाला. निम्म्यांची साखर इन्सुलिन देऊन काटेकोरपणे ८० ते ११० मध्ये ठेवली. त्या विभागातले मृत्यू ८ टक्क्यांवरून ४.६ टक्क्यांवर आले. जगभर उत्साह पसरला. पुढे २००९ मध्ये मुख्यतः ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि कॅनडात त्याहून मोठा प्रयोग झाला, सहा हजारांवर रुग्णांचा. एका गटात साखर ८१ ते १०८, दुसऱ्या गटात १८० पर्यंत चालेल असं धोरण. नव्वद दिवसांत मृत्यू कुठे जास्त झाले असतील? काटेकोर गटात. २७.५ टक्के, आणि सैल गटात २४.९ टक्के. साखर धोकादायकरीत्या घसरण्याचं प्रमाण काटेकोर गटात ६.८ टक्के, सैल गटात अर्धा टक्का.

हे दोन्ही प्रयोग करोनाचे नव्हेत, पण धडा तोच आहे. फार साखर वाईट, याचा अर्थ जितकी कमी तितकी चांगली असा होत नाही. म्हणून आज डॉक्टर इस्पितळात साधारण १४० ते १८० च्या आसपास साखर ठेवू पाहतात. मध्यममार्ग हा उपदेश म्हणून आपण खूप ऐकला, इथे तो मोजून सिद्ध झालेला आहे.

आता स्टेरॉइडकडे येतो. ते टाळून दादांची गोष्ट सांगता येणार नाही.

जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी नावाच्या मोठ्या चाचणीचा निकाल आला. डेक्सामेथासोन हे स्वस्त, जुनं स्टेरॉइड, दिवसाला ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. कृत्रिम श्वासावर असलेल्यांचे मृत्यू त्याने साधारण एक तृतीयांशाने कमी झाले, ऑक्सिजनवर असलेल्यांचे एक पंचमांशाने. आणि ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांना? काही फायदा नाही. निकालात हे स्वच्छ लिहिलेलं होतं. औषध चांगलंच आहे, पण ते कोणासाठी आणि कधी, हा त्याच निकालाचा अर्धा भाग होता. आपल्याकडे तो अर्धा भाग वाटेत गळला. घरी बसलेल्या, ऑक्सिजन ९६ असलेल्या माणसांनाही गोळ्या मिळाल्या. माझ्या दादांनाही.

स्टेरॉइड साखर वाढवतं, हे पुष्कळांना माहीत असतं. ती कधी वाढवतं, हे माहीत नसतं. गोळी सकाळी घेतली की तिचा जोर दुपारनंतर, जेवणानंतर, संध्याकाळी जास्त दिसतो. रात्रीतून उतरतो. सकाळी उपाशीपोटी मोजलं तर आकडा बऱ्यापैकी ठीक येऊ शकतो.

१३२, १३८, १४१. आठवलं ना? मी रोज फोन करत होतो, आणि रोज चुकीच्या वेळचा आकडा विचारत होतो. दुपारी चार वाजताची साखर त्या घरात कोणी एकदाही मोजली नाही, कारण मोजायला कोणी सांगितलं नाही, आणि सांगायला हवं होतं अशा माणसांत मीही होतो. वाढलेली साखर, तिच्यामुळे मंद झालेल्या पांढऱ्या पेशी, स्टेरॉइडने आणखी मंद केलेल्या. हवेत, मातीत एरवीही असणाऱ्या त्या बुरशीला याहून सोयीचं काय हवं? २०२१ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्र आणि गुजरात या दोन राज्यांनी या बुरशीचा सगळ्यात मोठा मार खाल्ला. मे महिन्यात केंद्र सरकारने राज्यांना हा आजार साथरोग कायद्याखाली नोंदवायला सांगितलं.

हे सगळं ऐकून घरी गेल्यावर करायचं काय? मी औषध सांगणार नाही, तो अधिकार माझा नाही. पण ताप आल्यावर डॉक्टरांना काय विचारायचं, हे सांगू शकतो. ते ताप नसतानाच विचारून एका कागदावर लिहून ठेवा आणि कागद फ्रिजवर लावा.

ताप आला की साखर दिवसातून एकदा मोजून भागत नाही. चार-सहा तासांनी मोजायची, दुपारची आणि संध्याकाळची नक्की. जेवण कमी झालं म्हणून इन्सुलिन आपल्या मनाने बंद करायचं नाही. टाइप १ मध्ये तर कधीच नाही, कारण इन्सुलिन थांबलं की शरीरात आम्ल साठतं आणि ते जीवघेणं असतं. काही गोळ्या पोटात अन्न नसताना साखर फार खाली नेतात. 'ग्लिफ्लोझिन'ने नाव संपणाऱ्या गोळ्या आजारपणात सहसा तात्पुरत्या थांबवायला सांगतात. उलट्या-जुलाब होऊन पाणी कमी पडलं तर मेटफॉर्मिनबद्दलही विचारावं लागतं. आपल्या पुडक्यातली कुठली गोळी कुठल्या जातीची, हे आधीच माहीत हवं. पाणी, ताक, पेज थोडं थोडं पीत राहायचं. ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यातून, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. साखर २५०-३०० च्या वर टिकून राहिली, उलट्या थांबत नसल्या, श्वास जोरात चालला, गुंगी आली, ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला, तर फोनवर सल्ले घेत बसायचं नाही, सरळ इस्पितळ. कोणी स्टेरॉइड दिलं तर दोन प्रश्न विचारायचे. मला याची गरज का आहे? आणि साखर किती वाजता मोजू? शिवाय फ्लूची लस दरवर्षी घेण्याचा सल्ला मधुमेहींना दिला जातो, त्याबद्दलही विचारा.

आता माझ्या त्या वाक्याकडे परत येतो. "साखर सांभाळली असतीस तर."

कारण शोधणं आणि दोष देणं, या दोन वेगळ्या क्रिया आहेत. मी आयुष्यभर हे वर्गात शिकवलं आणि भावाच्या उशाशी विसरलो. कारण शोधतो तो विचारतो, साखळीतल्या कुठल्या कडीला हात घालता येईल? दोष देणारा विचारतो, कोणाला धरू? पहिल्या प्रश्नाचं उत्तर पुढच्या माणसाला वाचवतं. दुसऱ्याचं उत्तर फक्त विचारणाऱ्याला हलकं करतं.

दादांच्या साखळीत किती कड्या होत्या, मोजा. विषाणू. वय. वीस वर्षांचा मधुमेह, जो कोणी हौसेने घेत नाही. आजाराने आपोआप वाढणारी साखर. गरज नसताना मिळालेली गोळी. आणि सकाळी आठला फोन करणारा एक शहाणा भाऊ. यातली दादांच्या हातात होती ती कडी कोणती? ते पथ्य पाळत होते. सांगितलेल्या वेळी मोजत होते.

आपल्या देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, असा अंदाज २०२३ मध्ये आला. त्यातल्या अनेकांना पट्ट्यांची डबी परवडत नाही. उसाच्या फडात किंवा रात्रपाळीला राबणाऱ्याला जेवणाची वेळ स्वतः ठरवता येत नाही. साखरेचा आकडा हा त्यांच्या चारित्र्याचा दाखला नव्हे. आणि माणसाला लाज वाटायला लागली की तो आकडा लपवतो. लपवलेल्या आकड्यावर कुठलाच डॉक्टर उपचार करू शकत नाही. म्हणून दोष देणं हे निर्दयच नाही, धोकादायकही आहे.

मागच्या दिवाळीत मी हे सगळं दादांना सांगितलं. म्हटलं, "दादा, मी ते बोललो ते चुकलं. मीच चुकीच्या वेळेची साखर विचारत होतो." त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "तू फोन तरी करत होतास." आणि वहिनींना म्हणाले, "याला चकली दे, गोड नको."

(हशा, टाळ्या)

वेळ संपत आली आहे, एक-दोन प्रश्न घेतो.

मागे बसलेल्या ताईंनी विचारलंय की एचबीए१सी सहाच्या खाली आणलं तर आपण जास्त सुरक्षित होऊ का. ताई, इंग्लंडच्या त्याच अभ्यासात टाइप २ मध्ये साडेसहाच्या खाली असलेल्यांचा धोका किंचित वाढलेलाच दिसला. तिथेही उपाधी असू शकते. अशक्तपणा, इतर आजार यांनीही हा आकडा खाली येतो. पण खाली म्हणजे चांगलंच, असं धरून चालू नका. माझ्या वयाच्या माणसांत डॉक्टर बरेचदा साडेसात-आठलाही समाधान मानतात. आपला आकडा आपल्या डॉक्टरांबरोबर बसून ठरवायचा, शेजाऱ्याच्या आकड्याशी स्पर्धा करायची नाही.

दुसरा प्रश्न, इतकी वर्षं साखर बिघडलेलीच आहे, आता ताप आल्यावर लक्ष देऊन उपयोग काय? याचं उत्तर आजच्या व्याख्यानाचं सार आहे. मागच्या दहा वर्षांची साखर आता बदलता येत नाही, ती कडी हातातून गेली. आज दुपारी चार वाजताची साखर अजून हातात आहे. ती मोजा. आणि घरात दुसऱ्या कोणाला मधुमेह असेल आणि ताप आला असेल, तर त्याला किंवा तिला दुपारी चारला फोन करा.